चोर सोडून अपग्रेडला फाशी

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मशीन नेलं की काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे एकदा बघतो आणि निदान सांगून मोकळा होतो, "अपडेट केलंत ना? म्हणूनच बसलंय." मग फॉरमॅट मारला जातो, जुनी विंडोज टाकली जाते, अपडेटची सर्व्हिस 'डिसेबल' केली जाते आणि निघताना वर दिलासाही मिळतो, "बंद करून दिलंय, आता काही प्रॉब्लेम येणार नाही." हे निदान इतकं सर्वमान्य झालंय की पुरावा कुणी मागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेतले क्लार्क, सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलं, झालंच तर आपला एखादा इंजिनिअर मामेभाऊ, सगळे एकच सूर लावतात : ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली की कॉम्प्युटर स्लो होतो, आणि कंपन्या हे मुद्दाम करतात. मला हे निदान बहुतांश वेळा चुकीचं वाटतं. त्यावर केला जाणारा इलाज मात्र चुकीच्याही पुढचा, चक्क धोकादायक आहे.

आधी या मंडळींचा हुकमी पुरावा घेऊ. 'जुनी विंडोज परत टाकली आणि मशीन पळायला लागलं.' पळायला लागलं, यात वाद नाही. पण फॉरमॅट मारताना फक्त विंडोजची आवृत्तीच बदलली का? चार-पाच वर्षांत साचलेलं सगळंच गेलं. प्रिंटरच्या सीडीबरोबर आत शिरलेले प्रोग्रॅम गेले. मुदत संपलेला एक अँटीव्हायरस आणि त्याच्या उरावर बसवलेला दुसरा, असे दोन्ही गेले. ब्राउझरमध्ये कधीतरी 'ओके, ओके' करत घुसवलेली एक्स्टेन्शन्स, मशीन सुरू होताच न सांगता जागी होणारी टोरंटची खिडकी, मीटिंगची तीन वेगवेगळी ॲप्स, सगळं साफ झालं. आता हाच फॉरमॅट मारून नवी विंडोज कोरी करकरीत टाकली असती तर? ती तुलना कुणी करतच नाही. एका बाजूला नुकतंच धुऊन काढलेलं जुनं घ्यायचं, दुसऱ्या बाजूला अडगळीसकट पुढे ढकललेलं नवं, आणि जुनं चांगलं असा निकाल द्यायचा! एका वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र आपल्या आवडत्या एकीला दिलं.

मुळात अपग्रेड कधी केलं जातं, तेही बघायला हवं. मशीन नवंकोरं असताना सहसा कुणी करत नाही. चार-पाच वर्षं झालेली असतात. पंख्यात धूळ बसलेली असते, प्रोसेसर आणि त्याच्या हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. हे सगळं आधीपासून हळूहळू चालू असतं, म्हणून लक्षात येत नाही. अपग्रेडच्या दिवशी मात्र आपण घड्याळ लावून बसलेले असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, आणि फांदीला आधीच लागलेली वाळवी कुणी तपासत नाही.

त्यातून अपग्रेडनंतरचे पहिले एक-दोन दिवस मशीन खरोखरच धिम्या गतीनं चालतं. नव्या सिस्टिमला सगळ्या फायलींची सूची पुन्हा बांधायची असते, डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसला सगळं पुन्हा तपासायचं असतं, डॉटनेटवर चालणारे प्रोग्रॅम नव्यानं कंपाइल व्हायचे असतात, ड्रायव्हर मागून येत असतात. मॅकवर स्पॉटलाइट अशीच सूची बांधतं, आणि फोटोंचं ॲप प्रत्येक फोटोतला चेहरा नव्यानं ओळखायला बसतं. अँड्रॉइड फोन ॲप्स नव्यानं कंपाइल करत राहतो. हे काम संपणारं असतं. पण निकाल नेमका त्याच संध्याकाळी लागतो आणि दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात पोहोचतं. एक रात्र चार्जरला लावून चालू ठेवलं असतं तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या असत्या.

आता खऱ्या चोराकडे येऊ.

तक्रार असलेल्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'मोअर डीटेल्स' केलं की वरच्या ओळीत चार रकाने दिसतात : सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. गेल्या दहा वर्षांत 'विंडोज १० नं वाट लावली' म्हणून माझ्यासमोर आणलेल्या मशीनवर बहुतेक वेळा एकच चित्र दिसलं आहे. सीपीयू आठ-दहा टक्के, म्हणजे प्रोसेसर निवांत बसलेला. मेमरी ऐंशीच्या वर. आणि डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के. माउस फिरतोय, खिडकी उघडत नाही, शीर्षकाच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येऊन गेलंय. ज्याला आपण 'मशीन हँग झालं' म्हणतो ते हेच. मशीन काम करतच नसतं, ते वाट बघत असतं, आणि वाट बघत असतं हार्ड डिस्कची.

हार्ड डिस्क ही यांत्रिक वस्तू आहे. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, ते साडेपाच मिलिसेकंद. शिवाय ते डोकं योग्य रेषेवर सरकवायला आणखी दहा-बारा. विखुरलेल्या जागांवरून छोटे-छोटे तुकडे वाचायचे म्हटलं तर ही डिस्क सेकंदाला साठ-सत्तर तुकडे कसेबसे देते. आजकाल मिळणारी साधी, स्वस्तातली एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते, कारण तिच्यात फिरणारं काही नाही. आता नवीन ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? ती जुनीपेक्षा जास्त छोटी-छोटी कामं मागच्या बाजूला एकाच वेळी काढते. डिफेंडर आत बसलेला असतो, शोधसूची सतत ताजी होत असते, स्टोअरचे अपडेट येत असतात, आणि मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती पाठवणारी ती बदनाम टेलिमेट्रीही असते. एसएसडीवर याची झळ जाणवत नाही. फिरत्या डिस्कवर हे सगळे एका अरुंद दारातून शिरायला बघतात आणि तुमची एक्सेल त्यांच्या मागे रांगेत उभी राहते.

म्हणजे अपग्रेडनं भार वाढवला, हे मी मान्य करतोय का? हो, करतोय. पण मग एका प्रश्नाचं उत्तर अपग्रेडविरोधकांनी द्यावं. २०१६ ते २०१९ या काळात आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत जे लॅपटॉप आले, त्यांतल्या कित्येकांचा साचा एकच होता : ४ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क, आणि कारखान्यातूनच टाकून आलेली विंडोज १०. या मशीनवर कधी अपग्रेड झालंच नव्हतं. तरी खोक्यातून काढल्यापासून ती स्लोच होती! डेस्कटॉप यायला दोन मिनिटं, क्रोम उघडायला आणखी एक. अपग्रेड हा गुन्हेगार असता तर ही मशीन निर्दोष सुटायला हवी होती. याउलट, त्याच लॅपटॉपचे खालचे स्क्रू काढून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तीच विंडोज १० जशीच्या तशी तिच्यावर क्लोन केली, एकही सेटिंग बदललं नाही, तरी मशीन पळतं. हा प्रयोग गावोगावच्या दुकानांत हजारो वेळा झालाय. तो करणारेच लोक काउंटरवर बसून अपग्रेडला शिव्या देतात, ही मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते.

खरा गुन्हा झाला तो विक्रीच्या टेबलावर. २५६ जीबीच्या एसएसडीपेक्षा १ टीबी हा आकडा मोठा दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला तो गळ्यात मारला गेला. गिऱ्हाईकही 'जास्त जागा' म्हणून खूश झालं. कंपनीला त्या डिस्कचा खर्च परवडला, दुकानदाराला स्टिकरवरचा आकडा. पुढची पाच वर्षं त्या घरानं दोष दिला तो विंडोजला.

याच टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'वर जाऊन सीपीयू निवडलं की खाली 'अप टाइम' म्हणून एक आकडा असतो. रोज रात्री इमानेइतबारे शट डाउन करणाऱ्या माणसाच्या मशीनवर तिथे वीस-वीस दिवस दिसतात. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शट डाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा बंद न होता डिस्कवर झोपवून ठेवला जातो, सकाळी तोच उठवला जातो. खरं बंद-चालू फक्त 'रिस्टार्ट'नं होतं. महिनाभर न धुतलेल्या या गाभ्याचा संताप अपग्रेडवर निघतो. इथे मायक्रोसॉफ्टची चूक नाही असं मी म्हणणार नाही. 'बंद करा' या बटणानं बंद केलं नाही तर ती चूकच आहे. पण ती 'अपग्रेडनं मशीन स्लो केलं' यापेक्षा अगदी वेगळी तक्रार आहे, आणि तिचा इलाज फॉरमॅट नाही.

'ते काही असो, जुनं ते फास्ट होतं,' हा पुढचा मुद्दा. जुन्यावरच थांबलेल्यांचं काय झालं ते बघा ना. विंडोज ७ वर ठाण मांडून बसलेले पुष्कळ लोक होते. त्यांची सिस्टिम बदलली नाही. तरी २०१९-२० च्या सुमारास त्यांचीही मशीन धापा टाकू लागली होती. कारण विंडोज तिथेच राहिली तरी क्रोम पुढे जात होता, वेबसाइट फुगत होत्या. प्रत्येक टॅबमागे वेगळी प्रोसेस, प्रत्येक पानामागे जाहिरातींची आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टची फौज. मेल उघडायचं तरी ब्राउझर, बँक तरी ब्राउझर, जीएसटीचं रिटर्न तरी ब्राउझर. कागदावरच्या किमान गरजा बघितल्या तर विंडोज ७ (२००९), विंडोज ८ (२०१२) आणि विंडोज १० (२०१५) या तिन्हींना ३२-बिटसाठी एकच मागणी आहे : १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. हा किमान आकडा म्हणजे निव्वळ थट्टा आहे. १ जीबीवर विंडोज १० चालवणं म्हणजे शिक्षा. तरी सहा वर्षांत तो हलला नाही, एवढं त्यातून दिसतं. याच काळात ब्राउझरची भूक किती वाढली ते कुणालाही सांगायला नको.

सॉफ्टवेअर फुगतं, हा आरोप मला शंभर टक्के मान्य आहे. पास्कल ही भाषा घडवणारे निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच लिहून ठेवलं होतं की हार्डवेअर ज्या वेगानं जलद होतंय त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होतंय. त्यांचा रोख अख्ख्या धंद्यावर होता. सोय म्हणून घातलेली प्रत्येक गोष्ट कायमची आत राहते, काढून टाकण्याचं श्रेय कुणाला मिळत नाही. त्या धंद्यातून फक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं अपग्रेड बाजूला काढून त्यालाच फासावर चढवणं म्हणजे बाकी सगळ्यांना सोडून देणं.

अपग्रेड हा काही संन्यासी नाही, हेही सांगायला हवं. त्यानं खरोखर मशीन मारल्याची उदाहरणं आहेत, आणि ती लपवून माझी बाजू मजबूत होणार नाही. सगळ्यात ठळक व्हिस्टा. ती जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी बाजारात आली, पण त्याच्या आधीच्या वर्षात कॉम्प्युटरवर 'विंडोज व्हिस्टा केपेबल' असे स्टिकर चिकटवून एक्सपीची मशीन विकली गेली. ५१२ एमबी रॅम असली तरी स्टिकर मिळत होता. इंटेलच्या ९१५ चिपसेटवर व्हिस्टाचा नवा देखणा चेहरा चालतच नव्हता, तरी त्यालाही स्टिकर मिळावा म्हणून निकष खाली आणले गेले. पुढे अमेरिकेत खटला झाला, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या आणि कंपनीतलेच मोठे अधिकारी या स्टिकरवर वैतागलेले होते, हे जगाला कळलं. ज्यांनी तो स्टिकर बघून मशीन घेतलं आणि मग व्हिस्टा टाकली, त्यांचा राग सोळा आणे खरा होता. अपग्रेडबद्दलचा आपला सगळा संशय बहुधा त्या एका अनुभवातून आला आहे. पण त्याच मशीनवर पावणेतीन वर्षांनी विंडोज ७ टाकली तर ती व्हिस्टापेक्षा चपळ चालायची, हे मात्र आपण विसरून गेलो. तेही अपग्रेडच होतं. ॲपलनं २००९ मध्येच स्नो लेपर्ड आणली ती 'नवीन काही नाही, आहे तेच सुधारलंय' असं जाहिरातीत सांगून, आणि तिनं उलट डिस्कवरची काही जीबी जागा मोकळी करून दिली.

दुसरं उदाहरण कमी माहितीचं आहे पण अधिक बोलकं. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलनं मॅकची फाइल सिस्टिम फिरत्या हार्ड डिस्कवरही बदलून एपीएफएस केली. ही एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. फिरत्या डिस्कवर तिची माहिती हळूहळू विखुरते आणि फोल्डर उघडायला वेळ लागू लागतो. ज्यांच्या आयमॅकमध्ये साधी हार्ड डिस्क होती त्यांना अपग्रेडनं खरोखरच मार दिला. इथे तक्रार करणारा बरोबर आहे, आणि तरीही बघा, चोर कुठे सापडला? पुन्हा त्या फिरत्या तबकडीपाशीच.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ती काही कामांत मागे पडत होती. प्रोसेसरच्या आतल्या कॅशेचा हिशेब चुकत होता. एएमडीनं स्वतः जाहीर केलं की काही प्रोग्रॅमांत ३ ते ५ टक्के, काही गेममध्ये १० ते १५ टक्के फटका बसतोय, आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली. ती अपडेटमधूनच आली, हे वेगळं सांगायला नको. ज्यानं पहिल्याच आठवड्यात चिडून अपडेट बंद केले त्याला ती मिळालीच नसणार.

जानेवारी २०१८ च्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर प्रकरणात तर मायक्रोसॉफ्टनं आपल्या तोंडानंच कबुली दिली. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतो. या अंदाजाच्या वाटेनं एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची किंवा खुद्द सिस्टिमची मेमरी वाचता येते, असं उघड झालं. दुरुस्ती म्हणून सिस्टिमचा आणि प्रोग्रॅमचा भाग जास्त कडक वेगळा करावा लागला, आणि प्रत्येक वेळी कुंपण ओलांडायला वेळ लागू लागला. मायक्रोसॉफ्टनं सरळ लिहिलं : नव्या प्रोसेसरवर विंडोज १० असेल तर फरक एक अंकी टक्क्यांत राहील, २०१५ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर तो काहींना जाणवेल, आणि तशाच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना जाणवेल. हे वाक्य मी अपग्रेडविरोधकांना मुद्दाम दाखवतो. सगळ्यात जास्त फटका जुन्या विंडोजला! आणि जो वेग गेला तो मुळात उधारीचा होता. चिप बनवणाऱ्यांनी सुरक्षेला कात्री लावून तो कमावला होता, बिल अपडेटच्या नावानं फाटलं.

आता 'कंपन्या मुद्दाम करतात' या आवडत्या आरोपाकडे वळू. त्याचा आधार म्हणून नेहमी आयफोनचं प्रकरण पुढे केलं जातं. ते नीट वाचलेले लोक कमीच. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलनं आयओएस १०.२.१ आणली. आयफोन ६, ६एस, एसई हे फोन बॅटरी शिल्लक दाखवत असतानाच अचानक बंद पडत होते. बॅटरी जुनी झाली की प्रोसेसरनं एकदम मागितलेला करंट तिला देता येत नाही. ॲपलनं त्यावर तोड काढली ती प्रोसेसरला लगाम घालण्याची, आणि याचा अर्थ काय होतो ते गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. त्या डिसेंबरात वेग मोजणाऱ्या गीकबेंचच्या जॉन पूल यांनी हजारो फोनचे आकडे मांडले तेव्हा ते पायरीपायरीनं घसरलेले दिसले, आणि ॲपलला कबूल करावं लागलं. बॅटरी बदलली की त्याच आयओएसवर वेग परत येत होता. म्हणजे पुन्हा तेच, झिजलेला भाग एक आणि नाव अपग्रेडचं. फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला तो ग्राहकांना न सांगितल्याबद्दल.

इटलीचा निकाल मात्र विरोधकांच्या बाजूचा आहे, तोही मांडतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकानं ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. जुन्या फोनला न झेपणारे अपडेट ग्राहकांच्या गळी उतरवले आणि परत फिरायची वाट ठेवली नाही, असा ठपका होता. हा ठपका मला रास्त वाटतो. परत फिरायची वाट हवीच. विंडोजवर ती दहा दिवस असते, ती निदान महिनाभर तरी असायला हवी. पण 'नवीन फोन खपवण्यासाठी जुने मुद्दाम मारतात' असं सिद्ध झालंय, हे म्हणणं या निकालांच्या पलीकडचं आहे. त्या म्हणण्याची एक गमतीदार तपासणी हार्वर्डच्या लॉरा ट्रुको यांनी केली होती, अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी ती २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मांडली. नवा आयफोन आला की 'आयफोन स्लो' असा गूगलवरचा शोध उसळी मारतो. नवा गॅलक्सी आला तरी 'सॅमसंग स्लो' उसळत नाही. यावरून कट सिद्ध झाला असं मुल्लैनाथननी म्हटलं नाही. नवा आयफोन आणि नवी आयओएस एकाच वेळी येतात, इतकं साधं कारणही त्यात बसतं, असं त्यांनीच दाखवलं. आणि २०१८ ची आयओएस १२ तर जुन्या फोनचा वेग वाढवण्यासाठीच काढली होती, २०१३ च्या आयफोन ५एस पर्यंत. मुद्दाम मारणाऱ्यानं हे का करावं?

कंपन्यांना धारेवर धरायचं असेल तर त्याची जागा वेगळी आहे, आणि या सगळ्या ओरड्यात ती सुटून जाते. विंडोज ११ घ्या. इंटेलचा कोअर आय७-७७००के हा प्रोसेसर जानेवारी २०१७ चा. चार कोअर, ४ गिगाहर्ट्झच्या वरचा वेग, आजही फोटोशॉप आरामात चालवतो. त्याला विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जागा नाही. त्याच वर्षअखेरीस आलेला सेलेरॉन एन४०००, ज्याच्यावर दोन टॅब उघडले तरी घाम फुटतो, तो मात्र यादीत आहे. यादी वेगावर ठरलेलीच नाही. ती टीपीएम ही सुरक्षेची चिप आणि प्रोसेसरची पिढी यांवर ठरली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि धडधाकट, वेगवान मशीन एका तारखेनं म्हातारी ठरवली गेली. इथे कुणी काही स्लो केलं नाही, चालत्या मशीनला आत येऊ दिलं नाही. ई-कचऱ्याचा, शाळा-कॉलेजांच्या लॅबचा, गरीब घरांचा प्रश्न इथे आहे. पण 'अपडेटनं मशीन बसतं' या जुन्या समजात आपण इतके रमलोय की या खऱ्या अन्यायावर आपल्याकडे म्हणावी तशी ओरड झालीच नाही. उलट काहींना बरंच वाटलं, 'चला, आता अपडेट येणारच नाहीत!'

हे बरं वाटणंच महागात पडतं. दुकानातला माणूस जेव्हा अपडेट बंद करून देतो तेव्हा तो दोन वेगळ्या गोष्टींना एकाच कुलपात घालतो. काही वर्षांनी येणारी नवी आवृत्ती एक, आणि दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती दुसरी. पहिली टाळायला हरकत नाही. दुसरीचा वेगाशी सहसा काही संबंध नसतो. त्यातून विंडोज क्रॅक केलेली असली तर तो क्रॅक डिफेंडरला सापडतो, म्हणून डिफेंडरही बंद करून दिला जातो. मशीन हलकं होतं, यात शंका नाही. दाराची कडीही काढून ठेवल्यावर दार हलकंच होणार.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं फाइल शेअरिंगमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे ला, म्हणजे दोन महिन्यांनी, त्याच भोकातून वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस शिरला. बाधित मशीनपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती, दुरुस्ती उपलब्ध असूनही न टाकलेली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदला आहे. आपल्याकडे आंध्रातल्या पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. दीड महिन्यानं, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि त्याचा तडाखा थेट न्हावाशेव्याला बसला. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरचे ट्रक बाहेर तुंबले. मर्स्कला जगभरातले ४५ हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. नॉटपेट्याबाबत एक गोष्ट विरोधकांच्या हाती मी स्वतःच देतो : तो सुरुवातीला शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेटवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे खरंच. मात्र आत शिरल्यावर तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक होती मार्चमध्येच बुजवून दिलेलं तेच भोक.

जुनी सिस्टिम ठेवण्याचं एक खणखणीत कारण मला मान्य आहे, आणि त्याचा वेगाशी संबंध नाही. मराठी डीटीपीच्या कित्येक दुकानांत आजही पेजमेकर ७ चालतं. त्यात श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक पडलेले असतात. नव्या विंडोजवर ती फाइल उघडली की अक्षरांची खिचडी होते, जुना हार्डवेअर लॉक ओळखला जात नाही, आणि दुकानदार म्हणतो, 'आपलं एक्सपीच बरं.' त्याचं बरोबर आहे. त्याचा धंदा त्या मशीनवर आहे. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला. म्हणून त्यानं त्या मशीनची नेटची वायर काढून ठेवावी, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासावा, आणि खुशाल आणखी दहा वर्षं पेजमेकर चालवावं. माझा आक्षेप आहे तो त्याच मशीनवर दुपारी नेटबँकिंग उघडून पेपरवाल्याचे पैसे भरण्याला.